देवासच्या गोकुळाष्टमीत एक परका पाहुणा

इंदूरपासून थोड्याच अंतरावर देवास शहर वसले आहे. शहराला लागून चामुंडादेवीची टेकडी आहे. मुलूख माळव्याचा, पण राजघराणे मराठी. धारला पवारांची एक गादी, तर देवासला दोन: थोरली पाती व धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे ही व्यवस्था वाचकांस चमत्कारिक वाटेल, परंतु १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत ती चालली.

थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी १९२१ साली खाजगी चिटणीस म्हणून इंग्रज ग्रंथकार ई. एम. फॉर्स्टर येऊन राहिले. १९१२ च्या नाताळच्या सुमारास ते प्रथम येथे पाहुणे म्हणून आले होते. जन्माने ख्रिस्ती असले तरी तरुणपणीच त्यांची श्रद्धा ढळली होती. अशा गृहस्थास आठ दिवसांच्या गोकुळाष्टमीत जुन्या राजवाड्यात वावरावे लागले. त्यांची तेव्हाची पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली.

पत्रांत त्यांनी पुष्कळ नाके मुरडली आहेत. देव्हाऱ्यावर बारीकसारीक वस्तूंची गर्दी, गुलाबाच्या पाकळ्यांचे ढीग, भिंतींवर भडक तसबिरी, आणि वाद्यांचा असा कल्लोळ की कानास विसावा नाही. सुंदर अशी एकच गोष्ट त्यांना दिसली: देवापुढे वाकणाऱ्या माणसांचे चेहरे. महाराज स्वतः तंतुवाद्य छेडीत आनंदाने नाचत होते. ते पाहून या श्रद्धाहीन माणसास कराराच्या कोशापुढे नाचणारा दावीद राजा आठवला!

आपल्या बायबलात त्या प्रसंगी खिडकीतून पाहणारी मीखलही आहे. राजाला नाचताना पाहून तिने मनात त्याचा तिरस्कार केला. फॉर्स्टर यांची लेखणी मधूनमधून मीखलसारखी चालते, हे खरे. पण ते खिडकीत बसून राहिले नाहीत. देशी पोशाख करून, अनवाणी, ते लोकांबरोबर उभे राहिले. माझ्या मते हा फरक लहान नव्हे.

या अनुभवावर त्यांनी १९२४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग रचला. त्यात भक्त आपल्या तुकोबांचे नाव घेऊन गातात. मध्यरात्री जन्म होतो आणि रेशमी वस्त्राच्या घडीचे बाळ राजाच्या हाती दिले जाते. मिरवणूक तुरुंगापाशी थांबते व एक कैदी सोडला जातो. वल्हांडणाच्या सणाला सुटलेला बरब्बा येथे कोणा ख्रिस्ती वाचकास आठवणार नाही? आणि भिंतीवर, ईश्वर प्रीतिस्वरूप आहे असे सांगणारी इंग्रजी पाटी आहे. तिची अक्षरे मात्र उलटसुलट झालेली. संत योहानाचे ते तत्त्व चुकीच्या अक्षरांतही ओळखता येते.

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. परंतु वाचकहो, ही गोष्ट उलट बाजूनेही पाहिली पाहिजे. आपल्या नाताळलाही परकी माणसे येतात. गव्हाणीतील कागदी डोंगर, आरशाचे तळे, मेंढरांहून लहान उंट, रंगीत दिव्यांची लुकलुक व कर्णा, हे सारे त्यांच्या दृष्टीस पडते. त्याला कोणी गबाळे म्हटले तर रागावण्याचे कारण नाही. थोडेसे तसे असतेच. पण पाहुणा मग आपल्या चेहऱ्यांकडे पाहतो. त्या वेळी आपण बाळ येशूपुढे वाकलेले असतो, की नव्या कपड्यांची चौकशी करीत असतो?

शेजारची हिंदू कुटुंबे मध्यरात्रीच्या मिस्साला बहुधा दाराशीच, चपला हातात घेऊन उभी राहतात. येत्या नाताळला मधल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना हाताला धरून आत आणून बसवावे.