सकाळी बारा वाजता सुटणारी बस

टांझानियातल्या आरुशा शहरात दार-एस-सलामच्या बसचे तिकीट काढायला गेलेल्या परदेशी पाहुण्याला पहिला धक्का बसतो तो वेळेचा. बस कधी सुटते, असे विचारले की खिडकीतला माणूस शांतपणे सांगतो, "सकाळी बारा वाजता." पाहुणा दुपारी सामान घेऊन पोचतो, तेव्हा बस सहा तास पुढे गेलेली असते. स्वाहिली भाषेत दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्योदयाला होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, भर दुपारचे बारा म्हणजे सहा आणि सकाळचे सहा म्हणजे बारा. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब बिघडत नाही. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या पंचांगाची सवय असलेल्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

केनियातल्या नैरोबीहून नामांगाची सीमा ओलांडून आरुशा, मोशी, कोरोग्वे, चालिंझे असे करत हिंदी महासागराकाठच्या दार-एस-सलामला जाणारा हा रस्ता सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. विमानाने उतरून थेट अभयारण्यात शिरणाऱ्या पर्यटकाला हत्ती-सिंह दिसतात. बसमधून जाणाऱ्याला ढग बाजूला झाले तर ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो दिसतो, आणि मग दिवसभर माणसेच माणसे.

'सफारी' हा शब्द आपण शिकारीशी आणि जीपशी जोडून टाकला आहे. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास, अगदी शेजारच्या गावी मावशीकडे जाणेसुद्धा. मूळ अरबी शब्द तोच, ज्यातून आपल्याकडे 'सफर' आला. लांबून आलेल्या माणसाला घरात घेताना म्हणतात, 'पोले ना सफारी', म्हणजे प्रवासाचा तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटते. कोणी ठेचकाळले, कोणाच्या डोक्यावर जड ओझे असले, तरी 'पोले' म्हटले जाते. म्हणणाऱ्याची चूक असावी लागत नाही. वडीलधारे भेटले की लहानांनी 'शिकामू' म्हणायचे. या शब्दाचा अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. वडीलधारी व्यक्ती 'माराहाबा' म्हणून त्याचा स्वीकार करते. वाकायचे कष्ट तेवढे वाचतात. तोडक्यामोडक्या उच्चारात का होईना, परक्याने एखाद्या आजीला 'शिकामू' म्हटले की आजूबाजूची चार तोंडे हसतात आणि बाकावर जागा होते.

दुकानाला इथे 'दुका' म्हणतात, वाहनाला 'गारी'. चपाती आणि चाय तर घरोघरी आहेत. गुजरातेतून आलेले व्यापारी, १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी आणलेले मजूर, गोव्याहून आलेले कारकून, शिंपी आणि आचारी यांच्या खुणा या पट्ट्यात अजून सापडतात. मराठी माणसाला खरी गंमत वाटते ती टांझानियातल्या तीनचाकी रिक्षाची. तिला लोक 'बजाजी' म्हणतात, पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कंपनीवरून.

प्रवासवर्णनांत आफ्रिकी माणसाच्या सबुरीचे फार कौतुक असते. गावोगावच्या लहान गाड्या, केनियात 'माटाटू' आणि टांझानियात 'दालादाला', पुष्कळदा भरल्याशिवाय हलत नाहीत. पहिला येऊन बसणारा तासभर सुद्धा थांबतो. त्याला सबुरी म्हणणे सोपे आहे. बाळाला दवाखान्यात नेणाऱ्या बाईने दुसरे काय करावे? पुढची गाडीही भरायचीच असते. केनिया सरकारने २००४ मध्ये माटाटूंना सीटबेल्ट आणि वेगावर मर्यादा घालणारे यंत्र सक्तीचे केले. त्याआधी त्यात माणसे कोंबलेली असत. नियम आल्यावर सगळे सुरळीत झाले असे नाही, पण प्रवाशाच्या जिवाची किंमत आहे, एवढे तरी कागदावर आले.

थांब्याथांब्यावर धावणाऱ्या बायकांचेही असेच. कोरोग्वेच्या आसपास बस थांबली की संत्री, उकडलेली अंडी, भाजलेली कणसे घेऊन त्या खिडकीखाली येतात. टोपली डोक्यावर, एक हात खिडकीकडे आणि पाठीवर कांगा या रंगीत कापडात बांधलेले मूल. कांगाच्या काठाजवळ एक वाक्य छापलेले असते, कधी म्हण, कधी आशीर्वाद, कधी शेजारणीला किंवा सवतीला मारलेला टोमणा. तोंडाने बोलता येत नाही ते कापड नेसून सांगायचे. आपल्याकडच्या उखाण्यांनाही हे जमले नसते.

थांबा काही मिनिटांचा असतो. तेवढ्यात दर सांगणे, मोड देणे आणि सुटत्या बसबरोबर धावत पैसे घेणे, सगळे उरकायचे. सरकारी माध्यमिक शाळांचीही फी २०१६ मध्ये माफ झाली, तरी गणवेश आणि वह्या आईबापांनीच घ्यायच्या असतात. त्या टोपलीतून निघतात. नव्या वातानुकूलित बसच्या काचा मात्र उघडत नाहीत. आतल्या प्रवाशाला गारवा मिळतो, धूळ लागत नाही, आणि बाहेरची बाई काचेवर बोट वाजवून संत्री दाखवत राहते. दार उघडून कोणी उतरले तरच विक्री. प्रवाशाच्या सोयीत कोणाचा धंदा बुडतो, हे बसमालकाला कोणी विचारत नाही.

पैशाचा मार्ग मात्र बदलला. पूर्वी शहरात कमावणारा मुलगा गावाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ पाकीट देई, ते पोचेल की नाही याचा घोर आईला. २००७ मध्ये केनियात एम-पेसा सुरू झाले आणि साध्या मोबाइलवरून पैसे जाऊ लागले. पाठोपाठ टांझानियातही ही सोय आली. संत्रीवालीही आता फोनवर पैसे घेते, बस सुटायच्या आत संदेश आला तर.

दार-एस-सलामला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. मोठे बसस्थानक २०२१ मध्ये शहराबाहेर म्बेझीला हलले. तिथून बजाजी करून घर गाठावे लागते. दारात उभी असलेली सासू, आत्या, जी कोणी असेल ती, आधी म्हणते, "पोले ना सफारी." पिशवीतली संत्री तिच्या हातात जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीला २०१९ पासून बंदी आहे, म्हणून ती कापडाच्या थैलीत असतात. मग घड्याळाकडे पाहून कोणीतरी सांगते की दोन वाजले, म्हणजे रात्रीचे आठ, आणि जेवण वाढले जाते.