चिमणी आणि खार

आमच्या घरीं भाडें न देणारीं दोन बिऱ्हाडें आहेत: ओसरीच्या तुळईआड चिमण्यांचें जोडपें, आणि परसांतील आंब्यावर पट्टेवाली खार. दोघींनाही माणसाचा शेजार मानवतो. दोघीही दिवसभर चरितार्थासाठीं धांवपळ करतात. दोघींचीं पिलें जन्मतांना उघडीं आणि आंधळीं असतात.

संसाराची रीत मात्र निराळी. घरट्याची जागा प्रथम चिमणाच पटकावितो. तो काड्या आणतो, अधूनमधून अंड्यांवर बसतो, आणि पिलांना किडे भरवितो. सुमारें १५ दिवसांत पिलें घरट्याबाहेर पडतात. खारीचा नर मीलनानंतर फिरकतही नाहीं. ५-६ आठवडे गर्भ वाहून पुढें सुमारें १० आठवडे पिलांना पाजण्याचें सारें ओझें खार एकटीच उचलते.

यांत त्या नरास दोष देण्याचें कारण नाहीं. दूध आईलाच येतें; किडे बापालाही आणतां येतात. निसर्गाचा हिशेब सरळ आहे. पण मनुष्याचें मूल दूध तुटल्यावरही वर्षानुवर्षें परावलंबी असतें. रडणाऱ्या मुलास रात्रीं खांद्यावर घेणें, तापांत उशाशीं बसणें, अक्षरें गिरवून घेणें, यांपैकीं कशालाही दूध लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून हीं कामें आपोआप वांटलीं जातात, असा आपला समज असतो. वस्तुतः तीं बहुधा एकाच सुनेच्या पदरीं पडतात.

गेल्या पावसाळ्यांत नातवास ताप आला. सूनबाई तीन रात्री जागल्या. चौथ्या रात्रीं चिरंजीवांनीं मूल आपण होऊन खांद्यावर घेतलें. घरांतील वडीलधाऱ्यांस तें प्रथम चमत्कारिक वाटलें. आम्हांस तें अगदीं स्वाभाविक वाटलें. चिमण्यास जें साधतें, तें सुशिक्षित गृहस्थास कां साधूं नये?