रॉकीच्या चुका आणि आमचा वाद

रविवार, रात्री

आज निपाणीहून आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आला. जेवणं आटोपल्यावर 'केजीएफ : चॅप्टर 2' हा सिनेमा पुन्हा लावला आणि जुना वाद पेटला. 14 एप्रिल 2022 ला तो प्रदर्शित झाला, तेव्हा मी बेळगावात कन्नडमधून पाहिला होता, दादानं हिंदीतून. त्याच्या मते नायक रॉकी हिंदीतच शोभतो. तो आवाज सचिन गोळे या मराठी कलाकाराचा आहे, हे सांगताना त्याचा चेहरा खुलतो. मला मात्र रॉकी साकारणाऱ्या यशचा स्वतःचाच आवाज हवा.

मग सिनेमातल्या चुकांची पाळी. 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या; पडद्यावर रमिका सेन. दादा म्हणतो, ही चूकच. मी म्हणतो, गोष्टीला तेवढी मुभा हवी. मशिनगनच्या तापून लाल झालेल्या नळीवर रॉकी सिगारेट पेटवतो, तिथं मात्र दोघंही श्वास रोखून गप्प.

माझी खंत वेगळी आहे. कोलारच्या सोन्याच्या खऱ्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. 2001 मध्ये त्या बंद पडल्या. त्या काळोखात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांचं जगणं सिनेमातल्या नराची खाणीच्या धुरळ्यात दिसेनासं झालं. चूक काढायचीच तर ही काढावी.

सिनेमाच्या शेवटी तिसऱ्या भागाची फाईल दिसली आणि दादा ताडकन उठून बसला. आमच्या सीमाभागात पाटीच्या भाषेवरूनही मनं दुखावतात. तिथं एका कन्नड सिनेमापायी दोन मराठी भाऊ मध्यरात्रीपर्यंत जागतात, हे मला फार मोलाचं वाटतं.