अंगावर काही नाही, तरी खाज

आमच्या इंदुरात कावीळ म्हणजे घरातल्याच कुणीतरी बरी करायची गोष्ट. शेजारची अम्मा ‘पीलिया झाडणाऱ्या’ बाबाचा पत्ता सांगते, काकू गळ्यात काविळीची माळ घालायला सांगतात, सासूबाई हळद बंद करून उसाचा रस सुरू करतात. झाडणारा बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं दाखवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, निघाली कावीळ. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग येतो, एवढीच त्यातली करामत. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. डोळे पिवळे दिसले की मगच लिव्हरचं नाव निघतं. तोवर लिव्हर कुणाच्या खिजगणतीतही नसतं.

माझं लिव्हर बिघडलं तेव्हा माझे डोळे पांढरेशुभ्र होते. बिलिरुबिन ०.८, म्हणजे अगदी नॉर्मल. त्रास एकच होता, खाज.

२०१९ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मला एकतिसावा आठवडा होता. डोहाळजेवण नुकतंच झालं होतं, हिरवी साडी, मेंदी, फुलांची वाडी, सगळं साग्रसंगीत. त्याच रात्रीपासून तळहात आणि तळपाय खाजायला लागले. त्यामुळे कारणांना तोटा नव्हता. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या मेंदीत केमिकल असतं. वन्संचं मत फुलांवर फवारा मारतात त्याचं. सासूबाईंनी थंडी पडायला लागली, त्वचा कोरडी पडते म्हणून खोबरेल तेलाची वाटीच उशाशी आणून ठेवली. कुणाचंच म्हणणं वेडगळ नव्हतं. पोट ताणलं जातं तशी खाज पुष्कळ जणींना येते, आणि ती तेलानं कमीही होते.

माझी मात्र पोटावर नव्हती. दिवसा जेमतेम जाणवायची आणि रात्री अकरानंतर अशी चढायची की मी बाथरूमच्या थंड फरशीवर पाय ठेवून उभी राहायचे. अंगावर पुरळ नाही, गांध्या नाहीत, काही नाही. होते ते माझ्याच नखांचे ओरखडे. चार दिवसांनी ठरलेली तपासणी होती, तिथे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तीन प्रश्न विचारले. तळपायांना आहे का? रात्री वाढते का? आणि अंगावर काही उठलंय का? मग म्हणाल्या, “आजच रक्त देऊन जा. घरी जाऊन परत यायचं नाही.”

या आजाराला इंट्राहिपॅटिक कोलेस्टेसिस ऑफ प्रेग्नन्सी म्हणतात, डॉक्टरमंडळी नुसतं आयसीपी. आपलं लिव्हर पित्त तयार करतं आणि ते बारीक नलिकांतून आतड्याकडे सोडतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, शरीरात हार्मोन्सचा जो पूर येतो, त्यानं काही बायकांच्या लिव्हरमधून पित्त बाहेर पडणं मंदावतं. असं का होतं तर बऱ्याच अंशी जन्मजात, रक्ताच्या नात्यातून आलेली ठेवण. पित्तातली आम्लं, म्हणजे रिपोर्टवर ‘बाईल ॲसिड’ म्हणून छापून येतात ती, मग रक्तात साठायला लागतात आणि खाज सुटते. जुळी असतील तर शक्यता वाढते. चिली देशात आणि उत्तर युरोपात हा आजार पुष्कळ अभ्यासला गेलाय, तिकडे थंडीत तो जास्त दिसतो. म्हणजे सासूबाईंचा थंडीवरचा आरोप अगदीच हवेतला नव्हता!

साध्या लिव्हर फंक्शन टेस्टचा रिपोर्ट संध्याकाळीच आला. एसजीपीटी ११२. गरोदरपणात अल्कलाइन फॉस्फटेज एरवीही वाढतं, कारण ते वारेतूनही येतं, म्हणून त्याकडे बघून घाबरायचं नाही. पण एसजीपीटी, एसजीओटी वाढले तर ते गरोदरपणाच्या नावावर खपवता येत नाहीत. बाईल ॲसिडचा नमुना मात्र बाहेरगावी गेला आणि आकडा तीन दिवसांनी आला, २६.

ते तीन दिवस मी मोबाईलवर वाचत बसले आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा समोर यायला लागला. मृतजन्म. मी ज्या वयाच्या वाचकांसाठी हे लिहितेय, तुम्हीही पहिल्यांदा मोबाईलच उघडाल, म्हणून आकडे नीट सांगते. २०१९ सालीच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात हा आजार झालेल्या पाच हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली होती. बाईल ॲसिड ४० च्या खाली असेल तर बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण हजारात एक-दोन. ४० ते ९९ मध्ये हजारात तीनच्या आसपास. हे बहुतेक साध्या गरोदरपणाइतकंच आहे. पण १०० ओलांडले की ते शंभरात साडेतीनच्या जवळ जातं. म्हणजे भीती सगळ्यांनी सारखी बाळगायची नाही, ती आकड्यावर अवलंबून आहे. आणि तो आकडा आठवड्यागणिक बदलतो, म्हणून एकदा तपासून भागत नाही.

आता आईचं सांगते.

माझं माहेर देवासला. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं, आईनं डिंक, मेथ्या सगळं आणून ठेवलं होतं. मी फोनवर तिला आजाराचं नाव नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की तळपाय खूप खाजतात आणि डॉक्टरांनी रक्त घेतलंय. पलीकडे आई इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, “मी सुतळीच्या खाटेवर पाय घासायचे. सालं निघायची.”

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता हे आम्हा बहिणींना माहीत होतं. १९८६ साली. नवव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं, एवढंच आमच्या घरात बोललं जायचं, आणि तेही आजी गेल्यावर. खाजेबद्दल आई कधी कुणाला काही बोलली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं तिला वाटलंच नाही. तेव्हा सगळे म्हणाले होते उष्णता आहे, गुलकंद खा, सब्जा पी. बाळ गेल्यावर आजूबाजूच्या बायकांनी तिनं काय खाल्लं, कुठे गेली, कुणाच्या दारावरून आली, याची यादी केली. माझ्या वेळी तिला पुन्हा खाज आली आणि मी साडेआठ महिन्यांची जन्माला आले. धाकटीच्या वेळी थोडीच आली.

मी हे डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, १९८६ साली कुणी रक्त तपासलं नाही, तेव्हा आता खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण ज्या बाईला हा आजार एकदा होतो तिला पुढच्या खेपेला तो बहुतेक वेळा परत होतो, आणि तिच्या मुलींना, बहिणींना होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. वेळेआधी बाळंत होणं हेही त्यात येतंच. आईला मी हेच जसंच्या तसं सांगितलं, खात्री नाही हेसुद्धा. ती म्हणाली, “म्हणजे मी खाल्लेल्या कशानं नाही.” तेहतीस वर्षं ते तिच्या मनात होतं.

देवासला जायचं रद्द झालं. अंतर तासाभराचंच, पण आठवड्याला तपासण्या आणि ऐनवेळी लहान मुलांचे डॉक्टर हाताशी असणं महत्त्वाचं होतं. आईच डिंक-मेथ्यांसकट इंदूरला आली. माहेर सासरी येऊन राहिलं असं जाऊबाई अजून चिडवतात.

औषध सुरू झालं ते उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, ३०० मिलिग्रॅम, दोन वेळा. उर्सा म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. हे रसायन प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडलं म्हणून हे नाव. आता ते कारखान्यात बनतं, पण शनिवार पाळणाऱ्या आमच्या घरात मी नावाचा अर्थ काही सांगितला नाही. या गोळीचंही खरं सांगायला हवं. त्याच २०१९ साली इंग्लंडमध्ये सहाशेपाच बायकांवर तिची चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नकली. बाळाच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, खाज थोडीशीच कमी झाली. डॉक्टरबाईंनी हे मला स्वतःहून सांगितलं आणि म्हणाल्या, गोळी देते, पण विसंबायचं ते तपासणीवर आणि तारखेवर. मला हा मोकळेपणा आवडला. आधी अंगावर लावायला एका त्वचेच्या डॉक्टरांचं मलम आणलं होतं, त्यांनी मात्र खाज कुठे आहे हेही विचारलं नव्हतं.

तारखेचा मुद्दा समजून घ्यायला मला वेळ लागला. या आजारात सोनोग्राफीत बाळ छान वाढलेलं दिसतं, ठोके बरोबर असतात, आणि तरीही जे घडायचं ते अचानक घडतं, असं मानतात की वाढलेल्या पित्ताम्लांनी बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडत असावी. त्यामुळे कालची सोनोग्राफी उद्याची हमी देत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्री दोन वाजताही निघायचं, हे आम्हाला लिहून दिलेलं होतं. आणि आकडा बघून बाळंतपणाची तारीख ठरवायची. शंभरच्या वर असेल तर पस्तिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्यातच, मधल्या आकड्याला अडतीस-एकोणचाळीसपर्यंत थांबता येतं, आणि कमी असेल तर जवळजवळ दिवस भरेपर्यंत.

डिसेंबरच्या मध्यात माझा आकडा ४४ झाला. पुढची तपासणी आली २६ डिसेंबरला आणि त्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण! आठव्या-नवव्या महिन्यातली सून ग्रहणात घराबाहेर, ही कल्पनाच सासूबाईंना सहन होईना. मी लॅबला फोन केला. त्यांनी सांगितलं, या तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही, दुपारी आलात तरी चालेल. मग ग्रहण सुटल्यावर, आंघोळ करून, सासूबाईच माझ्याबरोबर रिक्षात बसून आल्या. वाद टाळता येत असेल तर टाळावा या मताची मी आहे. आकडा ५८ आला.

तारखेचा वाद मात्र टाळता येण्यासारखा नव्हता. अडतीस आठवडे ८ जानेवारीला भरत होते. तो पौष महिना. मोठ्यांचं म्हणणं, संक्रांत होऊ दे, दिवस भरू देत, कच्चं फळ कशाला तोडायचं. नवरा समजावून दमला. शेवटी आई बोलली, जी व्याह्यांच्या घरी एरवी मोठ्यानं हसतसुद्धा नाही. म्हणाली, “माझे दिवस भरू दिले होते.” त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

९ तारखेला पहाटे मुलगी झाली. कळा आणण्याच्या औषधांना दीड दिवस लागला. पाणी हिरवट होतं, म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती, हेही या आजारात जास्त होतं. लहान मुलांचे डॉक्टर शेजारीच उभे होते. ती रडली. वजन २ किलो ७०० ग्रॅम. माझी खाज चौथ्या दिवशी गेली, सहा आठवड्यांनी लिव्हरचे सगळे आकडे जागेवर. कुटुंबनियोजनाच्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, एवढी एक चिठ्ठी फाईलमध्ये राहिली.

गरोदरपणात लिव्हरचे दुसरेही आजार होतात आणि ते असे आठवडा-आठवडा वाट बघू देत नाहीत. ब्लडप्रेशर वाढून उजव्या बरगडीखाली दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, शेवटच्या महिन्यांत अचानक उलट्या सुरू होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. ‘पित्त झालंय, लिंबूपाणी घे’ हे तिथे चालत नाही. आणि खरीखुरी कावीळ, दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई, एरवी माणूस तिच्यातून बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईच्या ती जिवावर उठते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं सांडपाणी नळात शिरून जी साथ आली, तेव्हाच गरोदर बायका जास्त दगावताहेत हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. माळ आणि चुन्याचं पाणी यांत घालवलेले दिवस अशा वेळी फार महाग पडतात.

धाकटी बहीण आता बडोद्याला असते. तिला एकोणतिसावा आठवडा चालू आहे. तिच्या फाईलच्या पहिल्याच पानावर तिच्या डॉक्टरांनी लाल पेननं आईचा आणि माझा इतिहास लिहून ठेवलाय, आणि खाज नसतानाही लिव्हरची एक तपासणी करून घेतली आहे. ती नॉर्मल आली. आई रोज रात्री दहाला तिला फोन करते, जेवलीस का वगैरे नंतर. आधी तळपाय.