चौदा सेकंदांचा हिशेब



आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. ओटा पुसून झाला की संध्याकाळ मोकळी. पूर्वी त्या वेळात मी धान्य निवडायची, मुलांचे सदरे दुरुस्त करायची. आता खरं सांगते, मोबाईल घेऊन बसते. सिनेमाचं वेड मला कॉलेजपासूनचं. बी.कॉम.ला असताना हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी गाण्यांच्या याद्या लिहायची. पासष्टी ओलांडली, तरी ते वेड काही गेलेलं नाही.

माझा सगळ्यात लाडका सिनेमा 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ साली तो लागला, तेव्हा मी मोठ्या जाऊबाईंबरोबर थिएटरात गेले होते. मांडीवर दीड वर्षाचा मुलगा. ऐन रंगात आल्यावर त्याने भोकाड पसरलं. त्याला घेऊन मी बाहेर व्हरांड्यात उभी राहिले आणि शेवटचा अर्धा तास नुसता आतला हशा ऐकला. जाऊबाई घरी येऊन सांगत होत्या आणि सांगता सांगता स्वतःच इतक्या हसत होत्या, की मला धड काही कळलंच नाही.

आता नात बोट फिरवते आणि हवा तो तुकडा समोर येतो. अशोक सराफ एक थाप पचवायला दुसरी थाप मारतात, लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून 'पार्वती' होतात, सुधीर जोशींचा घरमालक कपाळाला आठ्या घालून येतो. दोन मिनिटांत दिवसभराचा शीण उतरतो. एक गोष्ट मात्र चुटपूट लावते. बेर्डे गेले १६ डिसेंबर २००४ला. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला २३ एप्रिल २००५ला. प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून एक मुलगा बोलतोय, एवढाच, वीस सेकंदांचाही नाही. म्हणजे आज घराघरांत आपले तुकडे बघून लोक हसताहेत, हे त्या माणसाने पाहिलंच नाही.

तर सांगायचं हे, की हसायला मला मनापासून आवडतं. आणि या आवडीतूनच माझ्या हातून एक चूक घडली. ती आज तुमच्यापुढे ठेवते.

महावीर जयंतीला आमच्या महिला मंडळाने समूहनृत्य बसवलं होतं. त्यात माझ्याच वयाच्या एक भगिनी होत्या. पंधरा दिवस रोज सरावाला आल्या. कार्यक्रमात सगळ्या उजवीकडे वळल्या आणि या डावीकडे. शेजारणीवर आदळल्या, निरीचा घोळ पायात आला आणि मंचावरच बसकण मारली. मी पुढच्या रांगेत मोबाईल धरून होते. चौदा सेकंदांचा तुकडा निघाला. पाहताना मला हसू आवरेना. घरी आले आणि हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून तीन ग्रुपांवर पाठवून दिला. बहिणींचा, भिशीचा आणि आमच्या इमारतीचा.

तीन आठवड्यांनी तोच तुकडा पुण्याच्या मावसबहिणीने मला पाठवला. वर दोन बाण आणि अनेकदा पुढे पाठवल्याची खूण. आता त्याला मागे ढोल लावलेला, पडतानाचा क्षण तीनदा दाखवलेला आणि खाली काहीबाही लिहिलेलं. बहिणीला ठाऊकच नव्हतं, की तो माझ्या हातून निघाला होता. मी तिला हसरा चेहरा पाठवला आणि गप्प बसले. ही माझी दुसरी चूक.

त्या भगिनी स्वाध्यायाला यायच्या बंद झाल्या. गुडघे दुखत असतील, असं मी मनाला समजावलं. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं, तरी त्या दिसल्या नाहीत. शेवटी त्यांच्या सुनेने मंदिराच्या पायऱ्यांवर सांगितलं, "आई आता चारचौघांत येत नाहीत, काकी. नातवाला वर्गातल्या मुलांनी तो व्हिडिओ दाखवला. तुझी आजी ना, म्हणून विचारलं."

क्षमावाणीच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे कमळाचं चित्र असलेला क्षमेचा संदेश तयार केला. मोबाईलमध्ये माझी नावांची यादी आहे, एक बटण दाबलं की सगळ्यांना जातो. त्या यादीत त्यांचंही नाव होतं. अंगठा तिथेच थांबला. जिला एका बटणाने दुखावलं, तिची क्षमाही एका बटणानेच मागायची?

आपण जपमाळेच्या १०८ मण्यांचा हिशेब मुलांना शिकवतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशेआठ. हा गुणाकार मी पाठशाळेत कितीदा फळ्यावर मांडला असेल! त्या दिवशी पहिल्यांदा तो मला लागू पडला. टिपला मी, म्हणजे कृत. पाठवून दुसऱ्यांना हसायला लावलं, म्हणजे कारित. आणि बहिणीकडून परत आला तेव्हा हसरा चेहरा टाकला, ती अनुमोदना. ज्यांनी नुसता पाहिला आणि अंगठा वर केला, त्यांचाही वाटा त्यात आहेच. आपण म्हणतो, मी कुठे काय केलं, फक्त पाहिलं. पण मोबाईलवर पाहणंही मोजलं जातं. जेवढं पाहिलं जातं, तेवढं ते आणखी लोकांपुढे ठेवलं जातं.

मी चालत त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं. मी म्हटलं, "ताई, तो व्हिडिओ मी काढला होता."

त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. पुढच्या रांगेत तुम्हीच होतात."

पाच महिने त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी कुणापाशी माझं नाव काढलं नव्हतं. मला रडू आलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही हसलात याचं काही नाही हो. पडले तशी मीही हसले असते. पण आधी मला दाखवायचा होतात. आपण दोघी मिळून हसलो असतो."

मैत्रिणींनो, हे एक वाक्य मी घेऊन आले. बेर्डे पडायचे ते आपल्याला हसवायला, ठरवून, सराव करून. ते हसू त्यांनी आपल्याला दिलं होतं. त्या ताईंचं हसू मी न विचारता उचललं होतं. आपण अचौर्याचं व्रत म्हणतो. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

हिशेबाच्या वहीत चुकलेली नोंद खोडायची नसते, दुरुस्तीची नोंद करायची असते, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. तो तुकडा आता माझ्याकडून पुसला जाणार नाही. इतरांनी पुढे पाठवलेला माझ्या हातात नाही. म्हणून त्याच तीन ग्रुपांवर मी माझ्या नावाने लिहिलं, की हा मी पाठवला होता, चूक झाली, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपा करून काढून टाकावा. मावसबहिणीला फोन केला. दोघीतिघींनी "एवढं काय त्यात" म्हटलं. म्हणू देत.

सिनेमाचे तुकडे मी अजूनही पाहते, ते सोडायचा नियम घेतलेला नाही. नियम घेतलाय तो एवढाच. जो माणूस हसवायला उभा नव्हता, त्याचा व्हिडिओ आला तर उघडायचा नाही, आणि उघडला गेलाच तर माझ्यापाशी थांबवायचा.

ताई गेल्या बुधवारी स्वाध्यायाला आल्या. दाराजवळ बसल्या आणि संपायच्या आधीच उठून गेल्या. पुढच्या बुधवारी मी त्यांच्यासाठी माझ्या शेजारी जागा धरून ठेवणार आहे.