गाडींतला गारवा

वैशाखांत मोटारीनें पुण्याहून सोलापुरास जाणारा मनुष्य हल्लीं उन्हाची चौकशी करीत नाहीं; तो कांचा वर करतो, एक खटका दाबतो आणि निर्धास्त होतो. आम्हीही असेच निघालों होतों. शेजारीं सौभाग्यवती, मागें ऐंशी वर्षांच्या मातुःश्री. इंदापूर मागें पडलें तों झरोक्यांतला वारा कोमट झाला, आणि भीमेचा पूल ओलांडेपर्यंत तो भट्टीवरून आल्यासारखा लागूं लागला. मातुःश्रींनीं तक्रार केली नाहीं. त्या नुसत्या बोलेनाशा झाल्या. आणि हें आम्हांस तक्रारीहून अधिक भयंकर वाटलें.

टेंभुर्णीस रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडींत एक प्रौढ मिस्त्री भेटले. त्यांच्या मुलीनें मातुःश्रींस लिंबाखालीं खाटेवर निजविलें, ओला पंचा कपाळावर ठेवला आणि मीठसाखरेचें पाणी घोटघोट पाजलें. दहा मिनिटांनीं त्यांनीं डोळे उघडले, तेव्हां कोठें आमचें लक्ष गाडीकडे वळलें.

"गॅस संपला असेल, भरून टाका," आम्हीं जाणकाराच्या थाटांत सांगितलें.

"संपंल कसा, साहेब? त्यो काय पेट्रोल हाय, जळून जायला?"

पंचावन्न वर्षांच्या आयुष्यांत हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता! हा वायु उणें २६ अंशांवरच उकळणारा. बंद नळ्यांच्या चक्रांत तो सारखा फिरत असतो. पंप त्यास दाबतो, पुढच्या जाळींत तो आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन द्रव होतो, मग अरुंद तोंडांतून सुटून आंतल्या जाळींत त्याची पुन्हा वाफ होते. आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तो बैठकीपुढच्या हवेंतून काढून घेतो. खर्च होतें तें इंजिनाचें बळ. वायु जितका तितकाच राहतो. कमी झाला, तर कोठें तरी गळती आहे.

मिस्त्रींनीं इंजिन चालू करून कान दिला. पंप जोडला जातांना 'टक्' आवाज यावयास हवा, तो येईना. फ्यूज शाबूत होता. मग नळीस गेज लावला. कांटा जवळजवळ तळाशीं. दाब उतरला कीं पंप जळूं नये म्हणून एक स्विच त्यास जोडूंच देत नाहीं. शेवटीं त्यांनीं पुढच्या जाळीवरील एका काळपट, तेलकट डागावर बोट ठेवलें. वायूबरोबर पंपाचें तेलही फिरतें, तेव्हां वायु निसटतो तेथें तेल साक्ष ठेवून जातें. नळ्यांत नायट्रोजन भरून त्या डागावर साबणाचें पाणी शिंपडलें, तों बुडबुडे उठले.

"गॅस आत्ता भरतो, पैसं बी घेतो, पर मोहोळापतुर टिकायचा न्हाई. जाळीच बदला. ती हितं मिळायची न्हाई."

मागील दोन्ही उन्हाळ्यांत शहरांतल्या एका थोरल्या, झुळझुळीत कारखान्यांत आम्हीं निमूटपणें गॅस भरून घेतला होता. जाळीकडे तेथें कोणी पाहिलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं, कारण अज्ञान दाखविण्यापेक्षां पैसे देणें आम्हांस सोपें वाटलें. त्या संकोचाची किंमत आज खाटेवर निजली होती.

उन्हें उतरल्यावर कांचा खालीं करून आम्ही निघालों. मातुःश्री आतां बऱ्याच सावरल्या होत्या व मोडनिंब आलें कां, असें दोनदां विचारून गेल्या. सौभाग्यवतींनीं मात्र गाडीच्या खणांतून त्या दोन पावत्या शोधून काढल्या आणि त्यांची बेरीज मोठ्यानें करण्यास आरंभ केला. आम्ही रस्त्याकडे पाहत राहिलों.