आईचे पहिले विमान

आम्ही कुर्ल्याचे. उतरणारे विमान आमच्या पत्र्यावरून इतक्या जवळून जाते, की आई बोलता बोलता थांबते आणि ते गेल्यावर वाक्य पुरे करते. चाळीस वर्षे हे असेच. नागपूरला भाचीचा मंगल परिणय ठरला, रेल्वेचे आरक्षण मिळेना, म्हणून बहात्तराव्या वर्षी आईला विमानाने न्यायचे ठरवले. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे. तिथे उतरायचे म्हणून आईने ठेवणीतले पांढरे लुगडे काढले होते.

विमान पहाटे 6.45 चे. वस्तीतल्याच ट्रॅव्हल्सवाल्याकडे 900 रुपये आगाऊ देऊन गाडी ठरवली, वेळ चारची. गाडी आली 4.50 ला! वर वाटेत गॅस भरायची रांग. गॅस भरताना सर्वांना खाली उतरावे लागते. आई पिशवी छातीशी धरून पंपावर उभी. मी दोनदा सांगितले, "दादा, टर्मिनल दोन, सहार." तो म्हणाला, "साहेब, नागपूर ना? देशातले विमान सांताक्रूझहूनच सुटते." पूर्वी तसेच होते. सहारचे नवे टर्मिनल 2014 साली सुरू झाले आणि पुढे देशातली विमानेही तिथून सुटू लागली. पण त्याने लिंक रोडवरून हायवेला लागून गाडी टर्मिनल एकलाच उभी केली. दारावरच्या जवानाने तिकीट पाहून मान हलवली. तिथून पुन्हा हायवे, मग सहारचा उड्डाणमार्ग, आणि त्याबद्दल वर 300 रुपयांची मागणी! काउंटरवर पोचलो तेव्हा 5.52 झाले होते. सुटण्याच्या तासभर आधी, म्हणजे 5.45 ला सामान घेणे बंद. मुलगी नम्रपणे बोलली, पण नाही ते नाहीच.

तिकिटांचे 11,400 रुपये गेले. न गेलेल्या प्रवाशाला कर आणि विमानतळाचे शुल्क तेवढे परत मिळते. अर्ज केल्यावर हजाराच्या आसपास हाती आले. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "वहीत नुसते 'एअरपोर्ट' लिहिलंय." ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हे मीच वस्तीतल्या लोकांना सांगत असतो. आणि "आधी पावती घ्या" हेही! पण ओळखीचा माणूस म्हणून मीच पावती घेतली नव्हती. बी. कॉम. होऊन, वीस वर्षे कारकुनी करून ही तऱ्हा.

त्याच संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात शिरलो. कल्याणपर्यंत आई उभीच होती, मग एका पोराने जागा दिली. मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचेच जास्त लागले. सकाळी नागपूरला पोचलो, मंगल परिणय वेळेवर गाठला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी रिक्षा करून तिला वर्धा रोडने विमानतळावर नेले. बाहेर उभी राहून आईने पाटीवरचे नाव अक्षर अक्षर लावून वाचले. रिक्षावाल्याला तिने दहा रुपये जास्त दिले, "बरोबर जागी आणलंस बाबा," म्हणून.